गाठीचं माहेर

आमच्या खाडीकाठी जांघेत गाठ आली म्हणून कुणी घाबरत नसे. "पाय बग," एवढंच म्हणत. पायाला काटा, खिळा, कालवाची कपची, काहीतरी लागलेलं असायचंच, आणि वर आलेली गाठ म्हणजे त्याचं अवधाण. जखम धुवायची, हळद भरायची, गाठीला विटकरीचा शेक द्यायचा. चार दिवसांत जखमही जायची आणि गाठही. वरची गाठ खालच्या दुखण्यानं येते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पुढे मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं ते याहून फारसं वेगळं नव्हतं. म्हणून तर मला अजून संताप येतो.

माझा थोरला भाऊ, आमचा दादूस, मिठागरात कामाला होता. मिठासाठी देशभर माणसं तुरुंगात गेली त्याच्या पुढच्याच दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. पुढाऱ्यांनी चिमूटभर मीठ उचललं त्याचा केवढा गाजावाजा झाला! आमची माणसं पिढ्यान्पिढ्या गुडघाभर मिठात उभी होती, त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मी लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. वडील लवकर गेले, दादूसनं शाळा सोडून मिठागर धरलं आणि मला शाळेत ठेवलं. त्यामुळे माझ्या पायांत वहाणा आल्या आणि त्याचे पाय उघडेच राहिले. तो कधी बोलून दाखवत नसे, चिडवायचा मात्र. "मास्तर, तुजं पाय बग, बामनाच्या नवरीवानी हाईत," म्हणायचा.

मिठागराचं काम पायांचं असतं. हंगामाच्या सुरुवातीला खाचरांचा तळ तुडवून तुडवून दगडासारखा घट्ट करायचा, मग खाडीचं पाणी घ्यायचं, ते आटवायचं, मीठ ओढायचं. सगळा वेळ पाय खाऱ्या पाण्यात. टाचांना भेगा पडत, तळव्यांना कुरुपं होत. यावर आमच्याकडे एकच औषध होतं, बिब्बा. सुईला बिब्बा टोचायचा, दिव्यावर धरायचा, आणि त्यातून तेल सुटलं की ते भेगेत किंवा कुरुपावर टिपायचं. चरचर आवाज येई, माणूस दातओठ खाई, आणि तिथं काळाकुट्ट डाग पडे. गावात एकाही मिठागऱ्याचा तळवा डागांशिवाय नव्हता.

हे काम बायकोचं. एरवी सासूसमोर नवऱ्याशी शब्द न बोलणारी बाई बिब्बा घालताना मात्र त्याचा पाय सरळ आपल्या मांडीवर घेऊन बसे, आणि कुणी नाव ठेवत नसे. माझी वहिनी या कामात फार वाकबगार होती. दादूस मुद्दाम ओरडायचा, ती त्याच्या पायावर चापटी मारायची, आणि आई हसू लपवायला चुलीकडे तोंड फिरवायची. त्या दोघांचा संसार मी जितका पाहिला त्यातलं सगळ्यात गोड दृश्य तेच होतं, हे मी आज सांगू शकतो. तेव्हा मी मेला लाजून बाहेर जायचो.

एका हंगामाच्या शेवटी दादूसच्या उजव्या जांघेत गाठ आली. सुपारीएवढी, आणि दुखत नव्हती. आई म्हणाली, "पायाला काय लागला काय रं?" आम्ही अंगणात उजेडाला बसवून त्याचा पाय उलटापालटा करून पाहिला. मी पाहिला, आईनं पाहिला, वहिनीनं पाहिला. भेगा होत्या, बिब्ब्याचे डाग होते, जखम नव्हती. ओरखडासुद्धा नव्हता. "पायाला काय न्हाय," असा निकाल लागला, आणि तिथून पुढे आम्ही पायाचा विचारच सोडून दिला.

नागावच्या एका वैद्यानं लेप दिला. आईनं पालीच्या गणपतीला नवस बोलला. पावसाळा गेला. गाठ सुपारीची आंब्याच्या कोयीएवढी झाली. मग मी दादूसला अलिबागला एका डॉक्टरकडे नेलं. त्यानं गाठ चाचपली, पाय पाहिले, आणि मला बाहेर जायला सांगितलं. परत बोलावलं तेव्हा दादूसची मान खाली होती. डॉक्टरनं त्याला विचारलं होतं की मिठाच्या मचव्याबरोबर मुंबईला जातोस का, तिथं बंदरावर मुक्काम करतोस का, आणि रात्री कुठे कुठे जातोस. पायाला जखम नाही आणि जांघेत गाठ आहे, म्हणजे दुसरं काय असणार? डॉक्टर वाईट माणूस नव्हता. अशी माणसं रोज त्याच्याकडे येत असणार. त्यानं गरमीच्या रोगाची सुई टोचायला सुरुवात केली.

दादूस वर्षातून दोन-तीनदा मचव्यावर जाई खरा. पण मुंबईहून येताना तो बायकोसाठी बांगड्या आणि माझ्यासाठी शिसपेन्सिली आणायचा, आणि मचव्यावरची माणसं त्याला "घरकोंबडा" म्हणायची. हे मला माहीत होतं. पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? सुईची बातमी आमच्याआधी गावात पोहोचली. पाणवठ्यावर वहिनीला बायका वाट करून देऊ लागल्या. कुणीतरी तिला सांगितलं की तुझा घडा जरा लांब ठेव गं बाई.

वहिनी भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. तिनं दादूसचं ताट-पाणी वेगळं केलं, आपलं अंथरूण आईजवळ टाकलं, आणि दिवाळीला तिचे भाऊ तिला न्यायला आले तेव्हा गेली. हंगाम सुरू व्हायची वेळ झाली तरी परतली नाही. मी एकदा आणायला गेलो, तर तिच्या थोरल्या भावानं मला ओटीवरूनच परत पाठवलं. "तुमी शिकलेलं हाव ना मास्तर? मग आदी सांगा, ती गाठ कुठून आयली."

तेव्हापासून दादूसनं तोच धोशा लावला. तो खंगत चालला होता. जेवण जात नव्हतं, पायावर सूज होती. मिठागरावर त्या वर्षी तो गेलाच नाही. ओट्यावर बसून राही, आणि मी शाळेतून आलो की म्हणे, "मास्तर, मना बरा करू नको. मी मरन त मरन. पन ही गाठ कुठून आयली ता काढ. तिला ता कलला पायजे."

एवढंच त्याला हवं होतं. माझ्या भावानं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. आणि ती कशी काढायची हे मला कळत नव्हतं. मी मुलांना पाढे शिकवायचो, भूगोल शिकवायचो. नद्यांचे उगम तर माझ्याकडून सगळ्या वर्गाचे तोंडपाठ होते. स्वतःच्या भावाच्या गाठीपुढे मात्र मी ठार अडाणी होतो.

शेवटी माघ उतरला तसा मी त्याला रेवसला नेऊन आगबोटीत बसवलं आणि मुंबईच्या एका धर्मार्थ इस्पितळात घेऊन गेलो. तिथले मोठे डॉक्टर दाभोळकडचे निघाले. तपकीर ओढायचे, आणि स्थळ बघायला आल्यासारखे प्रश्न विचारायचे. मूळ गाव कुठलं, घरात कोण कोण, काय खाता, कुठे झोपता. सगळं ऐकून ते म्हणाले, "बरं का मास्तर, ही गाठ इथली नाही. ही इथं सासरी आलेली आहे. हिचं माहेर कुठे आहे ते शोधायला हवं."

दादूसनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याचाच प्रश्न विचारत होतं.

त्यांनी गाठीचा तुकडा काढून पाहिला. तो आतून काळा निघाला, दौतीतल्या शाईसारखा. मग त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी दादूसला नखशिखांत पाहायला घेतलं. कुठे काळा तीळ होता का? तो वाढला होता का? चिघळला होता का? पाठ पाहिली, केस भांग पाडपाडून डोकं पाहिलं, डोळ्यांत उजेड टाकला, तोंड उघडायला लावलं, हातापायांची नखं पाहिली. तळवाही पाहिला. तळव्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे काय?"

"बिब्बा," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"अस्सं," म्हणून ते पुढे गेले. ते कोकणातले होते. त्यांच्या आईच्या पायांनाही ते डाग असणारच. एखादा गोरा साहेब असता तर त्यानं हटकलं असतं, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं. बिब्बा ठाऊक असलेल्या माणसाला तिथं थांबायचं काही कारणच नव्हतं. त्या दिवशी माहेर सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते फेरीला आले, दोन खाटा पुढे गेले, आणि परत वळले. "शेवटचा बिब्बा कधी घातलात?"

दादूस हिशेब करू लागला. बायको दिवाळीला गेली. तिच्याशिवाय कोण घालणार? आणि त्याच्या आधीही, हंगाम संपून गाठ आल्यापासून, तिनं बिब्बा घातला नव्हता. "वरीस होत आला," तो म्हणाला.

डॉक्टरांनी परिचारिकेकडून गरम पाणी मागवलं, दोन्ही पाय भिजवले, आणि स्वतः फडक्यानं पुसले. मग मला जवळ बोलावलं. "मास्तर, बिब्ब्याचा डाग किती दिवस राहतो?"

मला हसू आलं, मिठागऱ्याच्या घरातल्या माणसाला हे काय विचारायचं? "महिना, फार तर दीड महिना. कातडं सोलून निघालं की डाग जातो. मग पुन्हा बिब्बा, पुन्हा डाग."

"मग हा का गेला नाही?"

मी पाहिलं. वर्ष होत आलं, दादूस मिठागरावर गेला नव्हता. त्याचे तळवे मी जन्मात पाहिले नव्हते इतके स्वच्छ आणि मऊ झाले होते. सगळे डाग निघून गेले होते. उजव्या टाचेच्या अलीकडे एकच राहिला होता, कडेनं पसरलेला, मधोमध किंचित ओलसर. गावात अंगणात बसून आम्ही तिघांनी पाहिला होता, तोच. तेव्हा तो बाकीच्या डागांत एक होता. वहिनी रागानं निघून गेली, तिनं बिब्बा घालणं सोडलं, म्हणून तो आता एकटा उघडा पडला होता. ती रागावली नसती तर कदाचित आम्हाला तो कधीच दिसला नसता.

"हे माहेर," डॉक्टर म्हणाले. तपकिरीची डबी त्यांनी नुसतीच हातात धरली होती. बाहेर नेऊन त्यांनी मला बाकीचं सांगितलं. हा काळा कर्करोग. पायाच्या कातड्यात सुरू झाला, जांघेत आला, आता पोटात पोहोचलाय, यकृत सुजून हाताला लागतंय. अगदी सुरुवातीला कळलं असतं तर कदाचित पाय कापून काही झालं असतं. आता काही करण्यासारखं नाही. घरी न्या.

मी विचारलं, "बिब्ब्यानं झालं का?"

त्यांनी डबी खिशात ठेवली. "मला नाही वाटत. डाग आधीचाच असावा, बिब्ब्याखाली झाकला गेला. पण छातीवर हात ठेवून सांग म्हणाल, तर नाही सांगता येणार. ते कुणालाच ठाऊक नाही."

आम्ही आत आलो तर दादूस खाटेवर उठून बसला होता. मरणाचं त्यानं विचारलंच नाही. त्यानं डॉक्टरांना विचारलं, "म्हंजी ता बायांचा रोग न्हाय?"

"नाही रे बाबा. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही."

"मास्तरकडं बगून सांगा."

डॉक्टरांनी माझ्याकडे वळून पुन्हा सांगितलं. माझा भाऊ रडायला लागला, आणि रडता रडता हसायला लागला. येताना आगबोटीत तो इतका खुशीत होता की शेजारच्या अनोळखी माणसाला त्यानं आपला पाय वर करून डाग दाखवला. "ह्यो बगा, ह्याच्यापासून झाला. पायापासून!" परीक्षेत पहिला आलेला पोर जसा दिसतो तसा तो दिसत होता. मी पाण्याकडे बघत उभा राहिलो. गेलेली अब्रू परत मिळवून मी भावाला घरी नेत होतो आणि भाऊ माझ्या हातून निसटून चालला होता. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि मला कशाचंच काही करता येत नव्हतं.

वहिनीला आणायला मीच गेलो. या वेळी मला ओटीवर थांबावं लागलं नाही. मी एवढंच म्हणालो की डॉक्टरांनी मूळ शोधलं, पायाचं दुखणं होतं, दादूस निर्दोष आहे. तिनं पुढचं ऐकलंच नाही, गाठोडं उचललं. वाटभर ती रडत होती, आणि मधेच माझ्याकडे वळून म्हणत होती, "मना ठावं व्हता भावजी. मना आतून ठावं व्हता." घरात शिरल्या शिरल्या ती त्याच्या पायाशी बसली आणि सवयीनं पाय मांडीवर घेतला.

"कुठं हाय ता?" तिनं विचारलं.

दादूसनं अभिमानानं दाखवलं.

ती बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं रडणं पुसलं गेलं, आणि तिथं काहीच राहिलं नाही. "हितं त मीच बिब्बा घातलेला," ती म्हणाली. "तुमी म्हनालाव, काला कुरूप झाला हाय, दुकतं. मी दोनदा घातला. पयल्यांदा जलला न्हाय म्हनून आनकी एकदा घातला."

आम्ही कुणीच याचा विचार केला नव्हता. खरं सांगतो, माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं की आम्ही ज्याला सुटका समजून घरी घेऊन आलो, ते तिच्या पदरात पडणार आहे. मी घाईघाईनं डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. बिब्ब्यानं होत नाही, डाग आधीचाच होता. तिनं विचारलं, "तसा म्हनालं डाक्तर? शप्पत घेऊन म्हनालं?" मी मास्तर माणूस. पोरांचं खोटं सटासट पकडणारा. तिच्या डोळ्यांपुढे माझ्याच्यानं खोटं बोलवलं नाही. "त्यांना तसं वाटतं," मी म्हणालो. त्या 'वाटतं'वर तिनं पुढची सगळी वर्षं काढली.

दादूसनं तिला हरतऱ्हेनं समजावलं. "तू न्हाय गं. खाऱ्या पान्यानं झाला आसल, नशिबानं झाला आसल." ती नुसती मान हलवायची, त्याला पेज भरवायची, अंग पुसायची. आता ताट वेगळं नव्हतं, अंथरूण वेगळं नव्हतं. गावही गोड बोलू लागलं होतं, पाणवठ्यावरच्या बायका आपणहून तिचा घडा भरून देत होत्या. पण तिनं त्याच्या पायाला पुन्हा हात लावला नाही. पाय पुसायचा झाला की आईला हाक मारायची. एका दुपारी तो मला म्हणाला, "मास्तर, आपून कशाला गेलाव मुंबैला? ती माजेवर रागवली व्हती ता बरा व्हता. मी वंगाल व्हतू, पन ती बरी व्हती." मी उठून त्याच्यासाठी पाणी आणलं. ते त्यानं प्यायलं नाही.

पावसाच्या तोंडावर मिठाच्या राशींवर पेंढा शाकारायला घेतला त्या दिवसांत तो गेला.

वहिनी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. तिच्या टाचा फाटून रक्त यायचं, पण तिनं स्वतःच्या पायाला कधी बिब्बा लावून घेतला नाही. दर वर्षी हंगामाच्या तोंडावर मात्र ती एक काम करी. भाऊबंदांतल्या, आळीतल्या मिठागऱ्यांना एकेकाला अंगणात बोलावून बसवी, काथ्यानं त्यांचे पाय घासघासून धुई, आणि उन्हात धरून तळवे बघे. लोक हसत. तरणी पोरं, "म्हातारीनं शाला उगडली," म्हणत आणि पाय पुढे करत. दुःखापुढे आमचं गाव तसं सोशिक होतं.

एकदा मीही गेलो होतो. पेन्शनीला आलेला, वहाणा घालून जन्म काढलेला माणूस. तिनं मलाही बसवलं. "पाय दावा भावजी." माझे गुळगुळीत तळवे तिनं पाहिले आणि बाजूला ठेवले. समोर ओळीनं बसलेल्या माणसांचे पाय होते, काळे, डागाळलेले. घरी गेले की पुन्हा बिब्बा घालून घेणार होते सगळे. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग हळूच मला म्हणाली, "भावजी, तुमी त्या दिसाला डाक्तरापाशी व्हताव ना? मना येकदा नीट सांगा. कसा वलकायचा ता?"

"काळा असतो," मी म्हणालो.

"काला त सगल्यांचाच हाय," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाचा पाय तिनं मांडीवर घेतला.